एक चित्र जमेपर्यंत

पळालेल्या मुली परत आणण्यात माझी हयात गेली. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर होते मी. कुणी सिनेमाला पळायची, कुणी मैत्रिणीकडे, एखादी थेट लग्न करायलाच. आणि कोण कुठे सापडेल हे मला चप्पल पायात घालतानाच कळायचं. मुली पाठीमागे मला फौजदार म्हणायच्या. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. पण साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा बांधणारी माझी सख्खी धाकटी बहीण पळेल, आणि तिला आणायला मी या वयात तीन बस बदलून जाईन, हे काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

तशी ती रीतसर सांगून गेली होती. दोन आठवड्यांची सहल, म्हणाली. रंगांची पेटी, घडीचं स्टूल आणि चार कपडे घेऊन निघाली ती निघालीच. एका गावाहून दुसऱ्या गावी, तिथून तिसऱ्या. रस्त्याच्या कडेला बसते, समोर दिसेल ते कागदावर काढते, रंगवते आणि मिळेल त्या लॉजवर झोपते. ज्या बाईने उभ्या आयुष्यात दुकान ते घर आणि घर ते दुकान यापलीकडे पाऊल टाकलं नाही, तिला हे खूळ कुठून लागलं, असं सगळं गणगोत विचारत होतं. आणि विचारत होतं मला, जशी काही मीच फूस लावली होती.

तिला नातू झाला तरी आमच्या घरात ती धाकटीच. बटण-दोऱ्याच्या एका मोठ्या दुकानात ती जन्मभर रिळांच्या फळीपाशी उभी राहिली. गिऱ्हाईक कापडाचा तुकडा घेऊन यायचं. धाकटी तो घेऊन दुकानाच्या दारात उजेडात जायची, कारण दिव्याखाली रंग फसवतो. मग आत येऊन फळीवरच्या रिळांमधलं एक उचलायची, थोडा दोरा सोडवायची आणि कापडावर आडवा टाकायची. दोरा दिसेनासा झाला की रंग जुळला. दिसत राहिला की दुसरं रीळ. नवरा अकाली गेला तेव्हा पदरात लहानगा मुलगा होता. त्याला तिने याच दोऱ्यांवर वाढवला, शिकवला, इंजिनियर केला. मग दुकान बंद झालं आणि निरोप म्हणून मालकांनी तिला जलरंगांची पेटी दिली. घड्याळ दिलं असतं, शाल दिली असती, तर पुढचा एवढा घोळ झाला नसता.

भाच्याचा मला फोन आला तो दुपारी. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी सवय.

"मावशी, तुझे गुडघे कसे आहेत?"

"तुझ्या आईच्या गुडघ्यांपेक्षा बरे. मुद्द्याचं बोल."

मुद्दा असा होता. त्याने नवं घर घेतलं होतं, त्यात आईसाठी खोली केली होती, खिडकीला पडदेसुद्धा लावून झाले होते. पण आई येत नव्हती. "म्हणते, एक चित्र जमलं की येते. एक. शब्द दिलाय मला. आणि आईचा शब्द तुला माहितीये."

"मग जमेल की एखादं."

"कसं जमेल, मावशी? रोज फोटो पाठवते. तू बघितलेस ना?"

बघितले होते.

"मागच्या आठवड्यात लॉजच्या बाथरूममध्ये पाय घसरला तिचा. मला चार दिवसांनी सांगितलं. मी इथे कामात, रात्री झोप लागत नाही मला." त्याचा आवाज जड झाला. "तू जा ना. एखादं चित्र बघ आणि म्हण, हे जमलं. तू म्हणालीस की तिला पटेल. तुझ्या तोंडून कधी कुणाचं खोटं कौतुक निघालेलं नाही. तू सांगशील ते आम्हा दोघांनाही मान्य. तसं तिलाही सांगून ठेवलंय मी."

म्हणजे बघा, मी कधी खोटं बोलत नाही म्हणून मला खोटं बोलायला पाठवत होता. पण पोरगं रडवेलं झालं होतं. आणि मलाही वाटत होतं की आता बस झालं. मी बॅग भरली.

गाव नदीकाठचं होतं. लॉजवाल्या बाई दारातच भेटल्या. "रंगवाल्या बाईंच्या बहीण ना? नदीवर असतील. पण जपून हं, उजेडात उभ्या राहू नका, खेकसतात." आमची धाकटी खेकसते! मी ऐकतच राहिले. लहानपणी मांजराला हाकलायचं तरी मला बोलवायची ती.

होडीच्या धक्क्याजवळ ती बसली होती. डोक्यावर कुणा पुरुषाची जुनी हॅट, मांडीवर फळी, फळीला चिमट्यांनी लावलेला कागद. पाय पाण्याकडे सोडलेले. मला बघून उठली नाही.

"आलीस, ताई? बस. अगं तिथे नको, पाणी दिसत नाही मला."

मी बाजूला झाले.

"त्याने पाठवलं ना तुला?"

"हो."

"बरं केलं. पाण्याची बाटली दे ती."

एवढंच. तीन बस बदलून आलेल्या थोरल्या बहिणीचं स्वागत ते एवढंच. माझा पारा चढायला लागला होता, पण तेवढ्यात ती कुंचला पाण्यात बुडवून समोर बघत अशी काही स्तब्ध झाली की मला बोलवेना. नदी संथ होती. पलीकडच्या तीरावर एकच मोठं झाड, त्याच्यामागे गोदामांची रांग, त्यामागे डोंगर. दुपार कलली होती. पाण्यावरून उजेड हळूहळू आमच्याकडे सरकत होता आणि कुणाचीच कुठे घाई दिसत नव्हती.

चित्र संपलं की ते वाळेपर्यंत धाकटी त्याच्याकडे पाठ करून बसायची. ओला रंग चकाकतो, वाळला की फिका पडतो, आणि ती चकाकी मरताना तिला बघवत नसे. म्हणून वाळत्या चित्रावर नजर ठेवायचं काम त्या दिवसापासून माझ्याकडे आलं. मी समोर बसले. ती पाठमोरी.

"बघ हं, ताई. खरं सांग. जमलं का?"

हाच तो क्षण, मी मनात म्हटलं. 'जमलं' म्हण, सामान बांध आणि घरी चल. मी तोंड उघडलं. आणि तोंडातून निघालं, "अगं हे काय! पलीकडचं झाड नाकात शिरलंय की माझ्या!"

सवय, दुसरं काय. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण चित्र तसंच होतं. प्रत्येक वस्तू स्वच्छ, नेटकी, आणि सगळ्या एकाच ओळीत फोटोला उभ्या राहिल्यासारख्या. नदी कागदावर उभी होती. डोंगर गोदामाच्या छपरावर चढून बसले होते. धाकटी वळली, बघितलं, आणि हसून लोटपोट झाली. "शिरलंय खरं!" म्हणाली. मग फोटो काढून मुलाला पाठवला.

दुसऱ्या दिवशी मला तिची पद्धत कळली. झाड रंगवायचं होतं, तर ही बाई कुंचल्याला हिरवा रंग लावून होडीत बसली, नदी ओलांडली, झाडाचं पान हातात धरून त्यावर कुंचला टेकवून बघितला, पेटीत आणखी पिवळा मिसळला, पुन्हा बघितला, आणि पुढच्या होडीने परत आली. नावाड्याला सवय झाली होती. "आज झाड का गोदाम?" एवढंच त्याने विचारलं. कापडाला दोरा जुळवावा तसा ती गावाला रंग जुळवत होती. भिंतीचा भिंतीपाशी जाऊन, छपराचा छपरापाशी जाऊन. डोंगरापर्यंतसुद्धा एकदा जाऊन आली होती म्हणे, बसने.

"अगं पण इतकं करून चित्र असं का दिसतं?" मी म्हटलं.

"तेच तर कळत नाही ना! एक रंग चुकलेला नाही, ताई. हात लावून आलेय मी."

मलाही कळत नव्हतं. चित्रकलेतलं मला ओ की ठो कळत नाही. चुकलंय एवढं दिसायचं, का चुकलंय ते सांगता यायचं नाही.

एकदा तर एका घराचं पिवळंधमक दार तिला आवडलं. ओला कुंचला घेऊन ती दारापाशी गेली आणि कडेला धरून रंग जुळवायला लागली. घरमालक आतून ओरडत आला. "ओ बाई! दाराला हात लावाल तर याद राखा! गेल्याच महिन्यात रंगवलंय!"

मी पुढे झाले. वसतिगृहातला माझा आवाज अजून शाबूत आहे. "ओरडायला काय झालं? तुमचं दार काय खाऊन टाकणार आहे ती?"

धाकटीचं लक्षच नव्हतं. "छान पिवळा आहे," ती त्याला म्हणाली, "पण वरच्या बिजागरीपाशी वेगळ्या डब्यातला लागलाय."

त्या माणसाने मान तिरकी करून वर बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि आतल्या कुणाशी तरी भांडायला गेला. आम्ही काढता पाय घेतला. वळणावर पोचेपर्यंत दोघी हसत होतो, एकमेकींना धरून.

मी एखाद्या दिवसात परतणार होते. एखाद्याचे दोन झाले. मग धाकटी म्हणाली, इथे सगळं बघून झालं, आता वरच्या अंगाला एक गाव आहे तिथे जाऊ. मी म्हटलं, बरं, तिथे जमेल, तिथून जाऊ घरी. तिथे नाही जमलं. मग आणखी एक गाव. भाच्याला रोज फोनवर सांगायचे, "अरे, होतंय, होतंय." आणि रोज संध्याकाळी 'जमलं' म्हणायचं ठरवून बसायचे आणि रोज ते वाईट चित्र बघून माझी जीभ आपल्या वळणावर जायची. "घर पाण्यात बुडतंय." "हा पूल आहे का कंगवा?" एका लॉजवर तर तिच्या पेटीला मुंग्या लागल्या. त्या रंगांत मध असतो म्हणे. दुसऱ्या दिवशी निळ्यात एक मुंगी आली आणि आकाशात वाळली. मी म्हटलं, या अख्ख्या चित्रात जिवंत वाटावं असं तेवढं एकच आहे.

पण दिवस काय सुंदर जात होते म्हणून सांगू! सकाळी कुठल्याशा अनोळखी खिडकीतून ऊन आत यायचं. चहा घेऊन निघायचं. जागा शोधायला ती तास घालवायची. दोन पावलं इकडे, दोन तिकडे, मग स्टूल उघडायचं. मी तिच्याशेजारी पायरीवर, कट्ट्यावर, कुणाच्या ओसरीत बसायचे. काही काम नाही. पाण्याची वाटी बदलायची तेवढी. ती तोंडातल्या तोंडात पुटपुटायची, "राखी... नाही, राखीत थेंबभर जांभळा... अजून थेंब..." ते ऐकता ऐकता माझे डोळे मिटायचे. झोप नव्हे, जागही नव्हे. गल्लीतून सायकल जायची, कुठेतरी कुणी गादी झटकायचं, सावली माझ्या पायांवरून हळूच पलीकडे जायची आणि डोळे उघडले की तीच गल्ली मघापेक्षा वेगळी दिसायची. किती वाजले हे मी विचारायचंच सोडून दिलं.

मी जन्मभर फाटकात उभी राहिले. आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, उशीर किती झाला. फाटकापलीकडच्या रस्त्यावर संध्याकाळचं ऊन कसं पडतं ते मी एकदाही बघितलेलं नव्हतं. मला धाकटीचा हेवा वाटला. सरळ सांगते. इतकी वाईट चित्रं काढते आणि इतकी सुखात आहे, याचा हेवा वाटला.

एकदा लॉजच्या खोलीत, दिवेलागणीला, ती कुंचले धुऊन टॉवेलवर मांडत होती. मी विचारलंच.

"मुद्दाम वाईट काढतेस का गं? जायला नको म्हणून?"

"छे! मुद्दाम वाईट काढायला आधी चांगलं यावं लागतं." मग जरा थांबून म्हणाली, "एक तरी जमावं असं फार वाटतं, ताई. पण जमलं की जायचं, तेही आहे. रोज सकाळी दोन्ही वाटतं. काय करू सांग."

"त्याच्याकडे जायचं इतकं जिवावर का येतं? सून काही बोलते का?"

"गुणाची आहे ती. आणि तो तर... तो वाईट असता तर सोपं होतं. चांगला आहे, हीच पंचाईत. तिथे गेले की संपलं. आज गुडघा, उद्या बीपी, परवा नातवाची शाळा. जपतील गं मला. इतकं जपतील की जिना उतरू द्यायचे नाहीत."

"मग शब्द कशाला दिलास?"

"मला वाटलं, आठवड्यात जमेल! रंग जुळवण्यात जन्म गेला माझा. मला काय ठाऊक, सगळे रंग जुळले तरी चित्र जुळत नाही."

"मोडायचा मग. आई आहेस तू त्याची."

तिने मान हलवली. "त्याचे बाबा गेले ना, तेव्हा तो दारात उभा राहून रोज विचारायचा, तू येशील ना परत? मी सांगायचे, दुकान बंद झालं की येईन. आणि यायचे. पावसात, तापात, कशीही यायचे. त्याला दिलेला शब्द कधी मोडलेला नाही मी. आता म्हातारपणी मोडू?"

मी दिवा लावला.

त्यानंतर माझं काहीतरी बिनसलं. संध्याकाळी 'जमलं' म्हणायचं मी ठरवीनाशी झाले. उलट चित्र वाळत असताना मनात एकच यायचं, आज चुकून जमलं तर? पूल कंगव्यासारखाच आहे हे दिसलं की जीव भांड्यात पडायचा. ज्याच्या लग्नाला जायचं तोच पळून गेला म्हणून खूश व्हावं, तशी माझी गत.

शेवटचं गाव तळ्याकाठचं. उतारावर वसलेलं, सगळीकडे पायऱ्या. पहिल्याच दिवशी पायऱ्या चढून धाकटीचा गुडघा भोपळ्याएवढा सुजला. डॉक्टर म्हणाले, हलायचं नाही. लॉजला वरच्या मजल्यावर लांबलचक गॅलरी होती. तिथे खुर्ची टाकून, पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून तिला बसवली. खाली उतरती छपरं, एका गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, मग तळं, आणि तळ्यापलीकडे डोंगरांच्या रांगा, एकीमागे एक.

ती छपरं काढून झाली, चादरी काढून झाल्या. मग कुंचला हातात धरून बसून राहिली. तोंड पाडून.

"आता काय झालं?"

"डोंगर. कसं जाणार मी? ताई, तू जातेस? एक पान आण नुसतं. आणि मूठभर माती."

"डोंबल तुझं!" मी म्हटलं. "तळ्याला वळसा घालून, डोंगर चढून, पान आणू? माझे गुडघे काय लोखंडाचे आहेत? इथून दिसतात तसे काढ की मेले!"

"इथून नीट दिसत नाहीत."

"मग नीट दिसत नाहीत तसे काढ!"

ती चिडली. लहानपणी चिडायची तशी, ओठ घट्ट मिटून, एक शब्द न बोलता. कुंचला पाण्यात घुसळला, पेटीतला निळा उचलला, त्यात राखी, त्यात काय काय, आणि कागद वाळला आहे का हे न बघता डोंगर ओढला. मग त्यामागचा, आणखी पाणी घालून. मग त्यामागचा, नुसतं पाणीच जवळजवळ. रंग एकमेकांत उतरले. एरवी अशा वेळी ती बोळ्याने टिपायची. त्या दिवशी रागात टिपलं नाही. फळी टेबलावर ठेवली, खुर्ची फिरवायला लावली आणि पाठ करून बसली.

मी वाळणं बघत बसले. दुपारचा वारा मंद होता. कागद कडांकडून वाळायला लागला, चकाकी मधे मधे आकसत गेली. आणि मी बघता बघता डोंगर मागे सरकले. खरंच सांगते. पहिला जागेवर राहिला, दुसरा मागे गेला, तिसरा इतका मागे गेला की आहे का आकाशच आहे ते कळेना. तळं आडवं झालं. झालं म्हणजे पहिल्यांदाच पाण्यासारखं पसरलं. चादरींमध्ये ऊन होतं. आमच्या गॅलरीपासून त्या शेवटच्या डोंगरापर्यंत सगळी हवा त्या कागदात आली होती, आणि ती संपूर्ण दुपार, ती शांतता, आम्ही दोघी तिथे बसलो होतो तेसुद्धा. मला रडूच फुटलं. आवाज होऊ न देता मी डोळे पुसले.

"ताई, वाळलं का?"

"वाळतंय."

"जमलं का?"

पाठमोरी ती. मानेवरचे पिकलेले केस सुटलेले. दुखरा पाय उशीवर. याच एका शब्दासाठी मला पाठवलं होतं. भाच्याचा जड आवाज आठवला, ते पडदे आठवले. आणि जन्मात पहिल्यांदा तो शब्द खरा होता. म्हणायला काही लागत नव्हतं.

"नाही," मी म्हणाले. "सपशेल बिघडलंय. डोंगर कुठे आहेत तेच समजत नाही. सगळं पाणीपाणी करून ठेवलंस."

ती खुर्चीच्या हाताला धरून उठली. मी नको नको म्हणत होते, पण लंगडत आली आणि टेबलापाशी उभी राहिली. मी तळ्याकडे बघत राहिले.

"ताई," ती हळू आवाजात म्हणाली, "तुला खोटं अजिबात बोलता येत नाही गं."

मी वळले. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती. तिने कागदाला हात लावला नाही; बोट नुसतं वर धरून शेवटच्या डोंगरावरून फिरवलं. "किती लांब आहे बघ," म्हणाली.

"मग? बांधायचं सामान?" मी विचारलं.

"कशाला? तू सांगशील ते मान्य, असं त्यानेच ठरवलंय. तू बिघडलं म्हणालीस. तुझा शब्द लहानपणापासून कधी खाली पडू दिलाय का मी?" असं म्हणून तिने फोन उचलला आणि चित्राचा फोटो काढला.

"अगं, काय करतेस!"

"त्याला पाठवते. रोज पाठवते. आज लपवू?"

"धाकटे, त्याला डोळे आहेत!"

"आहेत की," ती म्हणाली, आणि पाठवला.

एरवी तो फोटो बघून लगेच काहीतरी लिहायचा. छान, किंवा गुडघा कसा आहे, किंवा नुसतं हसरं तोंड. त्या दिवशी काही आलं नाही. आम्ही दोघी फोन मधे ठेवून बसलो. चहा आला तो निवून गेला. धाकटी चित्राकडे बघत नव्हती, मीही नव्हते. डोंगर काळवंडायला लागले तेव्हा फोन वाजला. तिने घेतला नाही. मी घेतला.

"मावशी."

"बोल रे."

"बघितलं मी. ऑफिसातून निघालो होतो. गाडी कडेला घेऊन बघत बसलो. मावशी, हे आईने काढलंय?"

"हो."

"तू काय म्हणालीस तिला?"

आता यापुढे खोटं बोलायचं त्राण माझ्यात नव्हतं. पण मागेही घेता येईना. "नाही जमलं म्हणाले," मी म्हटलं.

मग त्याने घसा साफ केला.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "नाहीच जमलेलं. अजून पुष्कळ... पुष्कळ काढायला लागतील तिला. गुडघा पूर्ण बरा झाल्याशिवाय मात्र तिथून हलू नका. आणि पुढचं गाव कुठलं ते कळव मला."

"काय म्हणाला?" धाकटीने विचारलं. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती.

"म्हणाला, नाही जमलं."

धाकटीने हात पुढे केला. मी फोन तिला दिला. तिने तो कानाला लावला. मग तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "येईन रे मी. येईन म्हटलंय ना."